मागचं टायर आणि मानाचा नैवेद्य

"अजून एक म्हणू," मामंजी म्हणाले आणि त्यांनी दत्ताची आरती धरली.

त्याआधी गणपतीची झाली होती. देवीची, शंकराची, विठोबाची, मारुतीची झाली होती. मारुतीची आरती आमच्या घरात तोवर कुणी ऐकलेली नव्हती; मामंजींनी ती उभ्या उभ्या रचली असावी, असा मला आजही संशय आहे. पेटलेल्या निरांजनांचं ताट माझ्या हातात होतं. आरती चालू असताना ताट खाली ठेवत नाहीत, आणि ताट हातात घेऊन सून उंबऱ्याबाहेर पडत नाही. हे दोन्ही नियम मामंजींना चांगले ठाऊक होते. ताट माझ्या हातात त्यांनीच तर दिलं होतं.

खाली माळावर एसटीचा हॉर्न वाजला. थोडा वेळ गेला आणि पुन्हा वाजला. मी आज येणार असा निरोप मी ड्रायव्हरला आधीच पोचवला होता, म्हणून बिचारा थांबला होता. मामंजींनी आवाज चढवला. पुन्हा हॉर्न झाला तशी त्यांनी घंटा शेजारच्या पोराच्या हातातून ओढून स्वतः बडवायला घेतली. देव्हाऱ्यातल्या देवांनीसुद्धा एव्हाना एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला असेल. मग गिअर पडल्याचा आवाज आला, खिडकीतून धुळीचा लोट दिसला, आणि दत्ताची आरती मधल्याच कडव्यात संपली.

"गेली की गं एसटी, सूनबाई," मामंजी निरांजनावरून हात फिरवून कपाळाला लावत म्हणाले. "देवीची इच्छा."

"एसटी गेली, मामंजी," मी म्हटलं. "रस्ता हाय तिथंच हाय."

आमचं खडकजाई म्हणजे साताऱ्याकडच्या डोंगरात, घाटाच्या पोटात चिकटलेलं गाव. दिवसाला एक एसटी, तीही ड्रायव्हरच्या तब्येतीवर. मामंजी म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार तात्याबा निकम. पलटणीत असताना त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं शत्रू खंदक सोडून पळाला होता, असं ते सांगत. मी ते खरं मानते, कारण त्या खाकरण्यानं मी चुलीपुढून पळालेली आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा जयसिंगराव, तोही फौजेत, सरहद्दीवर. आणि मी हौसा, ट्रेनिंग झालेली मास्तरीण, पण फक्त कागदावर. घरातली बाई चाकरीला जाणार नाही, हा मामंजींचा हुकूम होता. आदल्या वर्षी नेमणूक आली तेव्हा त्यांच्या छातीत दुखलं. हजर व्हायची मुदत टळली आणि दुसऱ्या दिवशी ते कुस्त्या बघायला गेले. ह्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. मुदत होती त्याच दिवशी, खंडेनवमीला, कचेरी बंद होईपर्यंत. नाही गेलं तर नाव यादीतून कायमचं जाणार आणि जागा पुढच्या बाईला मिळणार. मामंजींची छाती ह्या खेपेला ठणठणीत होती, म्हणून त्यांनी आरत्या काढल्या.

पण घरात फटफटी होती.

जयसिंगराव सुट्टीवर आले की संध्याकाळी मला खळ्यावर फटफटी शिकवत. मामंजी ओट्यावरून बघायचे. त्यांना वाटे, लेक पुढं आणि सून मागं बसून हवा खातेय. लांबचं त्यांना दिसत नसे, आणि चष्म्याचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

मी गोठ्यात गेले. फटफटीचं मागचं टायर जमिनीला चिकटलेलं. जुनंच ते, पार गुळगुळीत झालेलं, आणि आता कडेला बोट जाईल एवढी भेग पडली होती. आतल्या ट्यूबची लक्तरं बाहेर डोकावत होती. नवं टायर जयसिंगरावांनी मागच्या सुट्टीत आणून आढ्याला टांगून ठेवलं होतं. बसवायचं तेवढं राहिलं होतं. मी ते काठीनं खाली पाडलं, फटफटी ढकलत अंगणात नेऊन आडवी केली आणि पाने शोधायला लागले. पेटी रिकामी होती.

सगळे पाने देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर होते. मामंजींची तलवार मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना कोयते, विळे, नांगराचा फाळ, आणि पुढच्या रांगेत फटफटीचे पाने, टायर काढायच्या पट्ट्या, हवा भरायचा पंप. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. पंपाच्या मुठीला तर मामंजींनी गंधाची तीन बोटं ओढली होती.

"पाने पाहिजेत," मी म्हटलं.

"शस्त्रं पूजेला बसलीत. उद्या सोनं लुटून आलं की उठतील."

"तलवार शस्त्र, मामंजी. हवेचा पंप कधीपासून शस्त्र झाला?"

"ज्यानं काम हुतं ते शस्त्र," मामंजी म्हणाले. "निकमांच्या घरात हीच रीत. हात लावलास तर देवीचा कोप हुईल, आन् देवीच्या आधी माझा."

गावात मागायला जाण्यात अर्थ नव्हता. लोहाराचा भाता बसला होता, सुताराचा रंधा बसला होता, न्हाव्याचा वस्तरा बसला होता. सायकलवाल्यानं दुकानाच्या फळीवर नुसता हार लावून ठेवला होता आणि स्वतः आत झोपला होता. खंडेनवमीला अख्ख्या खडकजाईत एक खिळा ठोकला जात नसे.

मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई आनसाबाई, चुलीवरचं पुरण घोटत होत्या. आत्याबाई फारसं बोलत नसत. त्यांच्या वाटणीचं सगळं मामंजीच बोलून टाकत.

"आत्याबाई, उलथनं नेऊ?"

"कुठलं?"

"दोन्ही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दारातून अंगणात आडव्या पडलेल्या फटफटीकडं पाहिलं. मग पुन्हा पुरणाकडं.

"मोठं ने. लोखंडाचं हाय," त्या म्हणाल्या. "बारकं वाकतंय."

मी मोठं उलथनं घेतलं, पळी घेतली, सांडशी घेतली, वरवंटा घेतला आणि कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा घेतला. पदर खोचला आणि भर अंगणात बसले. दहा मिनिटांत गाव गोळा झालं. खंडेनवमीला कामं बंद, त्यामुळं सगळ्यांचे डोळे मोकळेच होते.

मामंजी ओट्यावर घोंगडी टाकून बसले. नवरात्राचे नऊ दिवस त्यांचा कडक उपवास असे, दूध आणि केळ्यावर. त्या दिवशी तो सुटायचा होता. आणि एकट्या त्यांचाच नव्हे. खडकजाईदेवीला मानाचा नैवेद्य सुभेदारांच्या घरचा. तो पुरणपोळीचा नैवेद्य चढला की मग बाकीच्या घरांचे, आणि त्यानंतर गावाचे उपवास सुटायचे. म्हणून देवळातले भिकोबा गुरवही रिकामं ताम्हण घेऊन आमच्या अंगणात येऊन बसले होते.

"सूनबाई," मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टायर भाजणार हायस का तळणार?"

लोक हसले.

"आधी सोलते, मामंजी," मी म्हटलं. "मग तुम्ही सांगाल तसं करते."

लोक पुन्हा हसले, पण ह्या वेळी जरा चाचपडत. मीही चाचपडलेच. साऱ्या गावादेखत सासऱ्याला उलट उत्तर द्यायची ती माझी पहिलीच वेळ.

चाकाची मोठी चाकी, म्हणजे नट, गंजून बसली होती. सांडशी तिच्यावरून नुसती घसरत होती. मी उलथन्याच्या दांड्याचं टोक चाकीच्या कोपऱ्यावर तिरकं टेकवलं आणि वरवंट्यानं घाव घातला. ठिणगी उडाली. ती ठिणगी मामंजींच्या मिशीपर्यंत गेली असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आले, आणि आता मलाही ती गेलेली आठवते. चाकी हलली नाही. दुसरा घाव घातला, तिसरा घातला. बोटं सोलली. शेजारची तानूबाई म्हणाली, "अगं, सोड की. बाईमाणसाचं काम हाय का हे?" मी तानूबाईचं नाव घेऊन चौथा घाव घातला आणि चाकी फिरली.

पुढचं सांडशीनं झालं. आस ओढून काढला, साखळी उतरवली, चाक मोकळं केलं. मग टायर. टायर काढताना ताकद नाही, फसवणूक लागते. टायरची कड रिमच्या काठाला घट्ट बसलेली असते आणि काठावरून ती ओढायला जाल तर दोन पैलवान लागतील. पण रिमच्या मध्यभागी एक घळ असते. कड एका बाजूला त्या घळीत ढकलली की समोरच्या बाजूला सैल पडते. हे जयसिंगरावांनी पुढचं टायर बदलताना मला सांगितलं होतं. "इकडं दाब, तिकडं सुटतं," असं म्हणाले होते, आणि मी तेव्हा चाकावर पाय देऊन उभी होते.

मी दोन्ही गुडघ्यांनी टायर दाबून कड घळीत ढकलली. साबणाचं पाणी लावलं. समोरून पळीचा दांडा घातला, तिच्याशेजारी उलथनं घातलं आणि दोन्ही खाली वाकवली. कड फट्‌ करून काठावर आली.

गाव दोन पावलं पुढं सरकलं. चालत्या कामाचा आवाज लोकांना ओळखू येतो.

मामंजींनाही आला. ते ओट्यावरून उतरले, सरळ माझ्यापाशी आले आणि माझ्या हातातलं उलथनं उपसून घेतलं.

"ज्यानं काम हुतं ते शस्त्र," ते म्हणाले. "हे शस्त्र झालं. हेबी पूजेला बसणार. काय गुरव?"

भिकोबा गुरवांना मामंजींच्या घरची पुरणपोळी अजून खायची होती. ते म्हणाले, "बरोबर हाय, सुभेदार. लोखंड ते लोखंड."

मामंजींनी उलथनं आत नेलं. पाटावर ठेवलं. कुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मागं वळून पळी नेली, सांडशी नेली. वरवंटा दगडाचा, तरी तोही नेला. मी अर्धं सुटलेलं टायर गुडघ्याखाली दाबून बसून राहिले. गुडघा काढला असता तर कड परत आत गेली असती. सावली ओट्याच्या कडेला आली होती. घाट, नदी आणि मग तालुका, एवढा रस्ता पुढं होता. रडू येत होतं, पण रडायला हात मोकळे नव्हते.

तेवढ्यात आतून भांड्यांचा आवाज आला.

आत्याबाई पदरात काहीतरी भरून देव्हाऱ्याकडं चालल्या होत्या. त्यांनी पदर पाटावर रिकामा केला. लाटणं. झारा. चिमटा. तवा, गरम, कारण तो चुलीवरूनच उचललेला. बारकं उलथनं. पुरणयंत्र. मग परत आत गेल्या आणि फुंकणी घेऊन आल्या.

"हे काय?" मामंजी म्हणाले.

"शस्त्रं," आत्याबाई म्हणाल्या.

"आनसा, डोकं ठिकाणावर हाय का?"

"ह्यांनीबी काम हुतं. रोजच हुतं. हळदीकुंकू लावा. मी न्हाई लावत, तुमच्या शस्त्रांना बायकांनी कधी लावलेलं न्हाई." त्यांनी तव्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं. ते चर्र झालं. "आता सगळी उद्याच उठतील. मी जरा पडते."

आणि आत्याबाई खरंच भिंतीला टेकून बसल्या, पाय पसरून. तशा त्या मी लग्न होऊन आल्यापासून कधी दिसल्या नव्हत्या.

बाहेर अंगणात ही बातमी फिरायला फार वेळ लागला नाही. सगळ्यात आधी ती भिकोबा गुरवांच्या पोटात पोचली.

"सुभेदार," ते म्हणाले, "नैवेद्य?"

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला.

"मानाचा नैवेद्य चढल्याबगर गावाचा उपास सुटत न्हाई."

"एक दिवस आणखी काढतो मी," मामंजी म्हणाले. "पलटणीत आम्ही काय काय काढलंय!"

"तुम्ही काढाल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "आमची म्हातारी काढंल का?"

"आमच्याकडं पोळ्या करून ठेवल्यात," दुसरं म्हणालं. "त्या काय बघत बसायच्या?"

"अहो गुरव, तुम्ही निवाडा द्या!"

मघापर्यंत माझ्याकडं बघून हसणारं गाव आता मामंजींकडं बघत होतं, आणि हसत नव्हतं. उपाशी माणसाला विनोद पचत नाही. मी गुडघा तसाच दाबून ठेवला.

भिकोबांनी ताम्हण एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. घसा साफ केला. "आता बघा सुभेदार," ते म्हणाले, "तलवार ती तलवार. पण उलथनं... उलथनं काय शस्त्रात धरत न्हाईत."

"मघाशी लोखंड ते लोखंड म्हणालास!"

"मघाशी म्हणालो."

"मग आता काय बदललं?"

"आता तवा आला मधी," भिकोबा म्हणाले.

मामंजींनी देव्हाऱ्याकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं. सुभेदाराला शत्रूपुढं माघार घेता येते, गुरवापुढं घेणं अवघड. शेवटी ते देव्हाऱ्याकडं पाठ करून म्हणाले, "स्वयंपाकाची भांडी उठवा. बाकीची शस्त्रं बसलेलीच ऱ्हातील. पाने न्हाईत, पट्ट्या न्हाईत, पंप न्हाई."

आत्याबाई भिंतीपासून उठल्या. त्यांनी पाटावरून मोठं उलथनं घेतलं, पळी घेतली, सांडशी घेतली, वरवंटा घेतला. आणि चुलीकडं जायच्या ऐवजी सरळ अंगणात आल्या.

"आनसा, पोळ्या!"

"हे आधी कामाला लागलं हुतं," आत्याबाई उलथनं दाखवत म्हणाल्या. "लागल्या कामावरून उठवायचं नसतं. टायर झालं की पोळ्या." आणि माझ्याशेजारी बसून म्हणाल्या, "कुठं दाबायचं सांग."

मी सांगितलं. आत्याबाईंनी गुडघा टेकवला. आयुष्यभर जातं ओढलेल्या बाईचा गुडघा होता तो. टायरनं फार वाद घातला नाही. एक कड निघाली, मग दुसरी, आणि जुनं टायर अंगणाच्या कोपऱ्यात गडगडत गेलं. ते वाटेत मामंजींच्या पायाला लागलं, हे मात्र मी तिखटमीठ न लावता सांगतेय.

नवं टायर साबण लावून एका बाजूनं रिमवर चढवलं. आता ट्यूब. ट्यूब फाटलेली, आणि जोडली असती तरी हवा भरायला पंप नव्हता. पंप गंध लावून आत बसला होता. मी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, आणि तिथं काळा पट्टा उमटला.

"आत पोकळ ठेवायचं असतं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई. हवा भरायची असते. रिकामं राहिलं तर टायर चेंगरतंय."

"हवाच पाहिजे, का काहीबी घट्ट चालतंय?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या उठून घरात गेल्या आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. पहिलं लुगडं त्यांनी स्वतः पिळा घालून टायरच्या पोटात बसवलं आणि लाटण्यानं ठोसलं. नऊवारी लुगडं टायरात कुठल्या कुठं गेलं. दुसरं घातलं. तिसरं. तरी दाबलं की मऊ लागे.

"तानू," आत्याबाईंनी हाक मारली. त्यांचा एवढा मोठा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. "तुझ्याकडं फाटकी किती हायत?"

तानूबाई मामंजींकडं बघायला लागली.

"त्यांच्याकडं काय बघतीस? लुगडी ते नेसत न्हाईत. पळ. टायर झालं तर पोळ्या, पोळ्या झाल्या तर उपास."

तानूबाई पळाली. तिच्यामागं गल्ली पळाली. हिरवी आली, जांभळी आली, एक जरीच्या काठाचं आलं. ते कुणाच्या तरी वरातीतलं असावं. आम्ही दोघी लाटण्यानं आणि फुंकणीच्या टोकानं ती ठासत होतो. टायर हाताला दगडासारखं लागेपर्यंत ठासली. किती लुगडी गेली ते विचारू नका, मी दर खेपेला वेगळा आकडा सांगते. मग दुसरी कड. ती बसवायला आत्याबाईंनी दोन्ही टाचा वापरल्या आणि मी उलथन्यावर ओणवी झाले. कड जाग्यावर बसली तेव्हा उलथनं पार वाकडं झालं होतं.

चाक चढलं. साखळी बसली. चाकी वरवंट्यानं आवळली. मी फटफटी उभी केली, वर बसून हलवून पाहिली. टायर चेंगरलं नाही. मी लाथ मारली. दुसऱ्या लाथेला फटफटी सुरू झाली आणि गल्लीतली सगळी कुत्री एकदम गावाबाहेर गेली.

मामंजी फटफटीसमोर येऊन उभे राहिले. पाय फाकवून, हात मागं बांधून, पलटणीत उभे राहत असतील तसे.

"सूनबाई," ते म्हणाले. आता ते ओरडत नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली. "माझ्या घरातली बाई सरकारच्या दारात चाकरी मागायला गेली असं लोक म्हणतील."

"मागायला न्हाई, मामंजी. सरकारनं बोलावलंय. तुम्हालाबी एकदा असंच बोलावलं हुतं. तुम्ही गेलाच की."

"मी देशासाठी गेलो."

"मी पोरांसाठी जाते. बाजूला व्हा."

ते बाजूला झाले नाहीत. मी क्लच सोडला नाही. किती वेळ तसं चाललं असतं कोण जाणे. पण मागं फटफटीचं सीट दबलं. आत्याबाई बसल्या होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, दोन्हीकडं पाय टाकून, मांडीवर उरलेल्या लुगड्यांचं गाठोडं आणि काखेत ते वाकडं उलथनं.

"आनसा! तू कुठं?"

"वाटेत लुगडं सुटलं तर ठासायला कुणीतरी पाहिजे."

"आन् नैवेद्य?"

"पुरण तयार हाय. कणीक मळून झाकलीय. लाटणं मोकळं हाय, तवा मोकळा हाय, बारकं उलथनं ठेवलंय तुमच्यासाठी," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचे हात काय पूजेला बसलेत का?"

अंगणात पहिल्यांदा तानूबाई हसली. मग भिकोबा गुरव ताम्हणानं तोंड झाकून हसले. मग गाव हसलं. मामंजी त्या हसण्यातून वाट काढत घरात गेले, आणि मी क्लच सोडला.

त्या दिवशी मानाचा नैवेद्य चढला, हे आम्हाला परतल्यावर कळलं. पोळ्या मामंजींनीच लाटल्या. मदतीला गेलेल्या बायकांना त्यांनी उंबऱ्यातून परत लावलं. पोळ्यांचा आकार कुठल्याही ओळखीच्या वस्तूसारखा नव्हता, पण देवीनं तक्रार केली नाही आणि गावानं तर चाटूनपुसून खाल्लं.

घाटात फटफटी बोकडासारखी उड्या मारत होती. हवेचं टायर खड्डा गिळतं, लुगड्याचं टायर खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोचवतं. एका वळणावर हिरव्या लुगड्याचा काठ फटीतून बाहेर आला आणि वाऱ्यावर फडफडायला लागला. समोरून परतीची एसटी येत होती. ड्रायव्हरनं आम्हाला बघितलं आणि अख्खी गाडी कड्याला चिकटवून वाट दिली. नदीच्या अलीकडं काठ फारच सुटला तेव्हा मी थांबले. मी उतरायच्या आत आत्याबाई उतरल्या, उलथनं फटीत घातलं, कड उचलली, लुगडं आत ठासलं, वरून टाच मारली. "चल," म्हणाल्या. मला हात लावावा लागला नाही.

तालुक्याच्या कचेरीत पोचलो तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता. हजेरीच्या टेबलावर एक कारकून रजिस्टर कपाटात ठेवायला उठला होता. मी टेबलाला धरून उभी राहिले, कारण पाय अजून फटफटीवरच होते.

"हजर व्हायचंय," मी म्हटलं. "खडकजाईची. निकम."

त्यानं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग हातांकडं. कोपरापर्यंत काळे, बोटं सोललेली, नखांत साबण आणि टायर. त्यानं माझ्यामागं उभ्या असलेल्या आत्याबाईंकडं पाहिलं, त्यांच्या काखेतल्या उलथन्याकडं पाहिलं. मग सुस्कारा टाकून खाली बसला, रजिस्टर उघडलं आणि शाईचं पॅड माझ्याकडं सरकवलं.

"अंगठा इथं," तो म्हणाला.

त्याच्या कानामागं पेन होतं. मी ते काढून घेतलं आणि त्यानं दाखवलेल्या जागी सही केली. नुसती आद्याक्षरं नाही. हौसा जयसिंगराव निकम, शिक्षिका. सावकाश, वळणदार, फळ्यावर मुलांना गिरवायला घालून द्यावी तशी. रकान्यात ती मावली नाही.

कारकून पेनासाठी हात पुढं करून बसला होता. मी पेन दिलं. तो रजिस्टर मिटायला लागला तेवढ्यात आत्याबाई पुढं झाल्या आणि त्यांनी पानावर हात ठेवला.

"आता माझं."

"तुमचं काय, आजी?"

"ही सोताहून आली न्हाई. हिला मी हजर केली. तसं लिहा."

"तसा रकाना नसतो."

"मग आज पाडा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी शाईच्या पॅडकडं पाहिलंसुद्धा नाही. दिवसभराच्या टायरानं काळा झालेला अंगठा त्यांनी माझ्या सहीशेजारी टेकवला, पोळीची कड दाबावी तसा दाबला आणि उचलला.

कारकुनानं खोडायला रबर उचललं. ते ठशावर टेकवता टेकवता त्यानं आत्याबाईंकडं पाहिलं. मग त्यानं रबर खाली ठेवलं आणि ठशाखाली बारीक अक्षरात लिहिलं: हजर करणारी. आणि विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"